बाबांचा टी-५५ : रणगाड्याचं पहिलं किट निवडताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका बाप-लेकीचं आणि त्यांनी सुटे प्लास्टिकचे भाग जोडून बनवलेल्या छोट्या रणगाड्याचं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं, राहण्याची जागा, रेजिमेंट यांतलं काहीच देत नाही. दोघांना लेक आणि बाबा असंच म्हणतो.

लेक ४४ वर्षांची, सहकारी बँकेत अधिकारी. बाबा ७५ वर्षांचे, मूळचे सातारा जिल्ह्यातले. १९६८ साली फौजेत भरती झाले, अहमदनगरला चिलखती दलाचं प्रशिक्षण घेतलं आणि टँकचे ड्रायव्हर झाले. १९७१च्या डिसेंबरात ते छांबच्या आघाडीवर टी-५५ चालवत होते. या गोष्टी घरात माहीत होत्या, पण त्यावर बोलणं कधी झालं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आई गेल्या. तेव्हापासून बाबांचं बोलणं चहा-पाण्यापुरतं उरलं होतं.

एका रविवारी लेक त्यांना नगरच्या रणगाडा संग्रहालयात घेऊन गेली. ते १९९४ साली सुरू झालं. (शहराचं नाव आता अहिल्यानगर आहे, बाबा मात्र नगरच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो.) सेंच्युरियन, पॅटन, चर्चिल असे रणगाडे तिथं झाडांच्या सावलीत उभे आहेत. बाबा एका रणगाड्यापुढं थांबले, ड्रायव्हरच्या झाकणाकडं बोट केलं आणि बोलायला लागले. आत किती उकडायचं, पाय कुठं ठेवायचे, झाकण बंद केलं की बाहेरचं किती दिसायचं. लेकीनं घड्याळ पाहिलं नाही, पण तिच्या अंदाजानं ते पाऊण तास बोलत होते. परतीच्या वाटेवर तिनं ठरवलं की बाबांच्या सोबतीनं त्यांचा टँक घरी बनवायचा.

तिनं याआधी कधीच प्लास्टिकचं मॉडेल जोडलं नव्हतं. मी २२ वर्षं हेच करतो आहे आणि नवख्या माणसांना पहिलं किट निवडून देणं मला मनापासून आवडतं. पण ती माझ्याकडं आली तेव्हा किट घेऊन झालेलं होतं.

अडचण

तिनं इंटरनेटवर टी-५५ शोधला, सगळ्यांत सुंदर चित्र असलेला डबा निवडला आणि पैसे भरले. डबा १/३५ मापाचा होता, म्हणजे खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा. आतल्या सगळ्या सामानासह इंजिन, गिअरपेटी, दारूगोळ्याचे रॅक, ड्रायव्हरची सीट असं सारं त्यात होतं. बाबा आत बसायचे, म्हणून आतलं दिसायला हवं, हा तिचा विचार. विचार चांगलाच होता. पण त्या डब्यात हजाराहून जास्त सुटे भाग होते. चाकांभोवती फिरणाऱ्या एका बाजूच्या पट्ट्याला नव्वदच्या आसपास कड्या, प्रत्येक कडी सुटी. शिवाय कोरलेल्या पितळी पत्र्याचा एक तक्ता, त्यातले काही तुकडे तिळाएवढे.

तीन रविवार दोघं टेबलाशी बसले. तिसऱ्या रविवारी गिअरपेटी अर्धी झाली होती. किटचे भाग प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात. तिनं ड्रायव्हरचा एक दांडा त्या साच्याच्या चौकटीतून घरातल्या कात्रीनं कापला आणि तो मधोमध तुटला. बाबांनी तो चिकटवायचा प्रयत्न केला. त्यांच्या उजव्या हाताला थोडा कंप आहे. दांडा बोटाला चिकटला, सुटताना पुन्हा मोडला.

‘माझ्याच्यानं नाय व्हायचं हे,’ असं म्हणून ते उठले आणि पुढच्या रविवारी टेबलाशी आलेच नाहीत.

तिनं मला फोन केला तेव्हा तिचा प्रश्न होता, ‘दादा, दुसरं किट घेऊ का हेच कसंतरी पूर्ण करू?’ मी लगेच उत्तर द्यायला लागलो. ते चुकलंच, त्याबद्दल पुढं लिहितो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे हाच डबा, फक्त आतलं सामान न बसवता. वरची झाकणं बंद केली की आतलं काही दिसत नाही, मग लावायचं कशाला? मी डबा पाहायला गेलो, सूचनापुस्तिका चाळली आणि हा विचार सोडला. अशा किटमध्ये बाहेरचं कवच एकसंध येत नाही. तळ, बाजू, पुढचा उतार असे सुटे पत्रे येतात आणि आतल्या भिंती-आडव्यांवर ते काटकोनात टेकतात. आतलं वगळलं तर बाहेरचं वाकडं होतं. पट्ट्याच्या कड्या तर कुठल्याही परिस्थितीत करायच्याच होत्या.

दुसरा, लहान माप. १/७२चा टी-५५ तोफेसकट जेमतेम साडेबारा सेंटिमीटर होतो. भाग कमी, खर्च कमी. पण नवख्याला लहान किट सोपं जातं ही समजूत वयस्कर हातांना लागू पडत नाही. टी-५५चं चाक १/७२ मध्ये शर्टाच्या बटणाएवढं होतं, १/३५ मध्ये पाच रुपयांच्या नाण्याएवढं. कंप असलेल्या बोटांना नाणं धरता येतं. १/४८ हे मधलं माप मला स्वतःला फार आवडतं, पण त्यात निवडीला वाव कमी.

तिसरा पर्याय मी स्वतः पुढं केला. १/३५ मधला शर्मन, दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन रणगाडा. शर्मन पहिल्या किटसाठी चांगला असतो, याची कारणं आहेत. जर्मन टायगर सगळ्यांना हवा असतो, पण त्याची चाकं एकमेकांत गुंतलेली, तीन-चार ओळींत. ती रंगवताना नवखा माणूस कंटाळतो. शर्मनच्या बाजूला चाकांच्या तीन-तीन जोडगोळ्या, कवच गोलसर, चांगल्या कंपनीचा असेल तर भाग एकमेकांत नीट बसतात. भारताच्या फौजेनं १९६५च्या लढाईत शर्मन वापरले, म्हणजे नातंही आहे असं मी म्हणालो.

लेकीनं एक चौथं नाव काढलं, सेंच्युरियन. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल १९७१ साली बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या रेजिमेंटच्या सेंच्युरियनमध्ये लढता लढता गेले आणि मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी झाले. त्यांच्या टँकचं ‘फामागुस्ता’ हे नाव तिनं वाचलं होतं. सेंच्युरियन नवख्याला सोयीचा आहेच. बाजूला पोलादी पडदे असतात, त्यामुळं चाकांचा वरचा भाग आणि पट्ट्याची वरची धाव झाकली जाते. तिथल्या चुका कोणाला दिसत नाहीत.

पाचवा पर्याय, टी-५५च, पण साधा. आतलं सामान नसलेला, खालचं कवच एकसंध, पट्टा अखंड. असं किट जपानच्या टामिया कंपनीचं आहे. १/३५ या मापाचा उगमही त्याच कंपनीत झाला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारीवर चालणारा पँथर रणगाड्याचा नमुना बनवताना आत बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून आकार ठरला, आणि मोजल्यावर तो पस्तिसाव्या हिश्शाच्या जवळ निघाला. पुढं जगभर तेच माप रूढ झालं.

निर्णय

माझा कौल शर्मनला होता. मी तो ठामपणे सांगितला. ‘ताई, पहिलं किट संपलं पाहिजे. आवडीचा टँक दुसऱ्या खेपेला.’ नवख्यांना मी वर्षानुवर्षं हेच सांगत आलो आहे आणि बहुतेक वेळा ते बरोबर ठरतं. अर्धवट राहिलेलं पहिलं किट माळ्यावर जातं आणि त्याबरोबर छंदही.

मग मी बाबांना भेटलो. शर्मनच्या डब्याचं चित्र मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर-खाली करून नीट पाहिलं.

‘शर्मन मी बघितलाय,’ ते म्हणाले. ‘चालवला नाय.’

एवढंच. त्यावर मला काही बोलता आलं नाही. सेंच्युरियनलाही त्यांनी हेच उत्तर दिलं. खेतरपालांचं नाव त्यांनी फार आदरानं घेतलं, उठून उभे राहिले म्हटलं तरी चालेल. पण तो दुसऱ्यांचा टँक होता.

निर्णयाचा खरा प्रश्न तिथं माझ्या लक्षात आला. हे किट नवख्या माणसानं छंद म्हणून निवडलेलं नव्हतंच. बाबा टेबलाशी परत यावेत यासाठी ते होतं. सोपेपणा हवाच होता, नाहीतर तीन रविवारांचीच गोष्ट पुन्हा झाली असती. पण सोपा आणि परका टँक असता तर लेक एकटीच जोडत बसली असती. दोन्ही अटींत बसणारा एकच पर्याय होता, तो म्हणजे साधा टी-५५.

सुदैवानं टी-५५ची घडणच नवख्याच्या बाजूची आहे. बाजूला पाच मोठी चाकं, पहिल्या आणि दुसऱ्या चाकात मोकळी जागा. वरचे परतीचे रोलर नाहीत, पट्टा थेट चाकांच्या डोक्यावर टेकतो. टरेट, म्हणजे तोफेचा फिरता घुमट, जणू पालथी वाटी. खाचाखोचा कमी, त्यामुळं पॉलिशपेपर फिरवायला सोपं. हाच टँक एका डब्यात अवघड आणि दुसऱ्यात सोपा असू शकतो, हे लेकीला आधी कोणी सांगितलं नव्हतं. डब्यावरचं चित्र पाहून ते कळतही नाही.

प्रत्यक्ष काम

किटच्या आधी हत्यारं आणली. चौकटीतून भाग कापायला चांगलं निपर, धारदार चाकू, ४००, ८०० आणि १००० नंबरचे पॉलिशपेपर, पातळ गोंद, एक चिमटा, भिंग बसवलेला दिवा. मोठ्या डब्याच्या वेळी यातलं तिच्याकडं काहीच नव्हतं. तो दांडा मोडला त्यात किटचा दोष थोडा आणि कात्रीचा जास्त. निपरनं भागापासून थोडं लांब कापायचं, उरलेला कोंब दुसऱ्यांदा कापायचा, शेवटी पॉलिशपेपर. ही तीन पावलं शिकवायला दहा मिनिटं लागतात.

गोंदाबद्दलही एक गोष्ट सांगतो, कारण बाबांचा धीर तिथंच परत आला. पातळ गोंद आधी लावून मग भाग जोडायचा नसतो. दोन भाग कोरडेच जुळवायचे, हातानं धरायचे आणि फटीला ब्रशचं टोक टेकवायचं. गोंद आपोआप फटीत धावतो. याचा अर्थ एकानं धरायचं, दुसऱ्यानं ब्रश टेकवायचा. बाबा दोन्ही हातांनी धरायचे, कोपरं टेबलावर टेकवून. लेक ब्रश लावायची. कंपाचा प्रश्नच उरला नाही. खिडकी उघडी ठेवायची, कारण त्या गोंदाचा वास डोक्यात जातो.

चाकांचं काम बाबांनी एकट्यानं केलं. पाच चाकं, प्रत्येकाच्या दोन चकत्या, दोन बाजू, म्हणजे २० चकत्या. प्रत्येकीच्या काठावर साच्याची बारीक रेघ असते. पॉलिशपेपरची पट्टी लाकडी फळीला चिकटवून दिली आणि फळी टेबलाला. आता हत्यार हलत नव्हतं, चकतीच फिरवायची होती. दोन रविवार त्यांनी एवढंच केलं आणि मध्ये एक शब्दही बोलले नाहीत. तिसऱ्या रविवारी चाकं बसवताना ते म्हणाले, ‘पयल्या चाकावर सगळा मार बसायचा. खड्ड्यात तेच आधी जायचं.’ मग बोलणं थांबलंच नाही. डाव्या फेंडरवर, म्हणजे पट्ट्यावरच्या पत्र्यावर, धुराडं बसवताना त्यांनी न विचारता बाजू सांगितली. उजव्या फेंडरवरच्या तेलाच्या टाक्या कुठल्या क्रमानं, तेही.

पट्ट्यानं त्रास दिला. अखंड पट्टा सोपा खरा, पण तो ताणून सरळ बसतो आणि टी-५५चा पट्टा चाकांवर लोंबलेला दिसला पाहिजे. चाकांच्या डोक्यावर चटकन सुकणाऱ्या गोंदाचे थेंब दिले आणि फेंडरच्या खाली स्पंजचे तुकडे कोंबून रात्रभर पट्टा दाबून ठेवला. डावी बाजू छान झाली. उजव्या बाजूचा सांधा आजही दिसतो.

आता तोफेच्या नळीची गोष्ट. टी-५५च्या नळीच्या टोकाशी एक छोटं पिंपासारखं जाडसर नळकांडं असतं. तोफ डागल्यावर नळीतला धूर आत न येता बाहेर ओढला जावा म्हणून. किटमध्ये ते टोकालाच होतं, जसं असायला हवं तसं. बाबांनी नळी हातात घेतली आणि मान हलवली. ‘मधी डबा व्हता. नळीच्या मधोमध.’

मी त्यांना समजावलं की काका, ते नंतरचं. पुढं आपल्या टी-५५वर १०५ मिलिमीटरची तोफ बसवली, तिचं पिंप नळीच्या मध्यावर असतं. तुम्ही तेही टँक पाहिलेत, आठवणी एकमेकांत मिसळतात. मी हे फार खात्रीनं बोललो. बाबांनी वाद घातला नाही. पण पुढचा अर्धा तास ते गप्प होते.

घरी येऊन मी १९७१च्या टी-५५बद्दल पुन्हा वाचत बसलो. बाबांचंच बरोबर होतं. पाकिस्तानकडं चिनी टाइप-५९ रणगाडे होते. ते टी-५५च्या आधीच्या टी-५४चीच नक्कल, लांबून आपला आणि त्यांचा टँक ओळखू येत नसे. म्हणून आपल्या टी-५५च्या नळीवर मध्यभागी खोटं पिंप चढवलं होतं. आपल्याच तोफेनं आपलाच टँक उडू नये यासाठी. छांबसारख्या ठिकाणी, जिथं दोन्हीकडं जवळपास तीच यंत्रं समोरासमोर होती, तिथं तो डबा म्हणजे जीवन-मरणाचा प्रश्न होता. आणि मी तो त्या माणसाचा विसर म्हणून बाजूला सारला होता.

पुढच्या रविवारी मी त्यांची माफी मागितली. चिकटपट्टीची अरुंद पट्टी नळीवर वेटोळ्यानं गुंडाळली, तिच्यावर पातळ सुपरग्लू पाजला, सुकल्यावर पॉलिशपेपरनं गोल केलं. जाडी किती, ते बाबांनी अंगठा आणि तर्जनीनं दाखवलं. तीन वेळा कमी-जास्त केल्यावर ते ‘बास’ म्हणाले.

रंग ऑलिव्ह ड्रॅब, स्प्रेच्या डब्यातला. इथं ऋतू आडवा आला. जुलै संपत आला होता, हवेत ओल होती. मी थांबायला सांगितलं, पण रंग लागलेला पाहायची लेकीला घाई झाली होती. रंग ठीक बसला. वरचं मॅट वार्निश मात्र दमट हवेत मारल्यामुळं धुरकट पांढरं झालं. मी ते काढून पुन्हा मारू या म्हणालो. चकचकीत वार्निशचा एक हात दिला की तो पांढरेपणा बहुतेक वेळा जातो. बाबांनी टँक उजेडात धरला. ‘राहू द्या. धुरळ्यातनं आल्यासारखी दिसतीय.’ आम्ही राहू दिलं.

आकडे आणि खुणा मात्र त्यांनी लावू दिल्या नाहीत. लेकीनं दोनदा विचारलं. ‘नंबर नको,’ एवढंच म्हणाले. तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही.

निष्पत्ती

अकरा रविवारांत टँक पूर्ण झाला. नळीवर साच्याची एक रेघ राहिली आहे, एक हेडलाइट दोनदा पडून पुन्हा चिकटवला आहे, उजव्या पट्ट्याचा सांधा दिसतो. प्रदर्शनात ठेवला तर परीक्षक यातलं सगळं मोजतील. बाबांनी तो टीव्हीच्या कपाटावर, आईंच्या फोटोशेजारी ठेवला आहे. नातेवाईक आले की नळीवरच्या डब्यापासून सुरुवात करतात.

खर्चाचं सांगायचं तर साधं किट, हत्यारं आणि रंग मिळून जेवढे पैसे गेले, त्याहून जास्त त्या पहिल्या मोठ्या डब्याला गेले होते.

वेगळं काय करता आलं असतं

लेकीनं डबा मागवण्याआधी तीन गोष्टी पाहिल्या असत्या तर पहिले तीन रविवार वाया गेले नसते. एकूण भाग किती, पट्टा अखंड की सुट्या कड्यांचा, आणि आतलं सामान आहे का. या तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा वर्णनात लिहिलेल्या असतात. कोरलेल्या पितळी पत्र्याचा उल्लेख असेल तर पहिल्या खेपेला तो डबा टाळावा, असं माझं मत आहे.

काम नोव्हेंबरात सुरू व्हायला हवं होतं. कोरडी हवा, लख्ख उजेड. पण आई गेल्याला दोन वर्षं त्या पावसाळ्यात पूर्ण झाली होती आणि लेकीला थांबायचं नव्हतं. तिचं मला पटतं.

माझ्याकडून दोनदा चुकलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी. शर्मन सुचवताना मी टँकबद्दल विचार केला, माणसाला विचारलं नाही. नळीच्या वेळी मी पुस्तकी माहितीवर विसंबलो आणि ज्यानं तो टँक चालवला त्याला दुरुस्त करायला गेलो. आता कोणी पहिलं किट विचारायला आलं की मी आधी विचारतो, कोणासाठी आणि कोणाबरोबर? मुलगा एकटा बसणार असेल तर शर्मन अजूनही माझी पहिली शिफारस आहे. पण उत्तर ऐकल्याशिवाय ती देत नाही.

उरलेला डबा

तो मोठा डबा लेक विकायला निघाली होती. मी गिऱ्हाईकही पाहिलं होतं. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. बाबांनी डबा स्वतःच खाली काढला होता. त्यांना सगळा टँक नको होता. चौकटी चाळून त्यांनी फक्त ड्रायव्हरच्या जागेचे भाग बाजूला केले होते : सीट, पायातले पेडल, दोन सुकाणू दांडे. त्यांतला एक मोडलेला.

आता त्यांचं काम तेवढंच चाललं आहे. लाकडाच्या एका फळीवर, कवचाशिवाय, नुसती ती जागा. मोडलेला दांडा फेकायचा नाही असं ते म्हणाले, म्हणून त्यात बारीक तार घालून तो सांधतो आहोत. तार मी धरतो, ब्रश लेक लावते. दांडा किती अंशात कलला पाहिजे ते बाबा सांगतात, खुर्चीत बसल्या जागी दोन्ही मुठी पुढं करून.